हरवलेल्या भाषेची गायिका : सेलेना

आजोबांची भाषा नातीला परक्या भाषेसारखी पाठ करावी लागली, तर तिला काय वाटेल? अमेरिकेतल्या एका मुलीवर ती वेळ आली. आणि त्याच भाषेने तिला लाखो लोकांच्या घरात नेऊन पोचवले. त्या मुलीचे नाव सेलेना किंतानिया.

सेलेनाचा जन्म १६ एप्रिल १९७१ रोजी टेक्सास राज्यातील लेक जॅक्सन या गावी झाला. घराणे मेक्सिकन वंशाचे. वडील अब्राहम तरुणपणी ‘लॉस दिनोस’ या वाद्यवृंदात गात असत. पुढे संसारासाठी त्यांनी नोकरी धरली. पण लेकीचा गळा त्यांच्या कानी पडला आणि जुनी हौस पुन्हा जागी झाली. थोरला भाऊ बास गिटार घेऊन उभा राहिला, बहीण सुझेट ड्रम वाजवू लागली, आणि सेलेना गाऊ लागली. वडिलांनी काढलेल्या मेक्सिकन पदार्थांच्या हॉटेलात ही भावंडे गात. परंतु १९८० नंतरच्या मंदीत हॉटेल बुडाले, राहते घरही गेले. कुटुंब कॉर्पस क्रिस्ती शहरी आले. आता गाणे ही हौस राहिली नाही. त्यावर चूल पेटायची होती. लग्नात, जत्रेत, जिथे बोलावणे येईल तिथे जुन्या बसमधून हे बिऱ्हाड जाऊ लागले.

टेक्सासमधील मेक्सिकन लोकांचे ‘टेहानो’ संगीत म्हणजे स्पॅनिश गीते आणि जर्मन, चेक वसाहतवाल्यांकडून आलेले अकॉर्डियन व पोल्का यांचा संगम. सेलेना मात्र इंग्रजी बोलत वाढलेली! वडिलांनी तिच्याकडून एकेक स्पॅनिश उच्चार घोटून घेतला. अर्थ मागाहून आला, आवाज आधी आला. फिरतीपायी आठवीत तिची शाळा सुटली. तरी तिने पुस्तक सोडले नाही. पत्रद्वारा अभ्यास करून १९८९ मध्ये तिने शालान्त पदविका मिळविली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून तिच्या पारितोषिकांपेक्षा ही पदविका मला मोठी वाटते.

त्याच वर्षी एका मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीने तिच्याशी करार केला. १९९२ मध्ये वाद्यवृंदातील गिटारवादक ख्रिस पेरेझ याच्याशी तिचा विवाह झाला. १९९४ च्या मार्चमध्ये तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि त्याच महिन्यात ‘अमोर प्रोहिबिदो’ म्हणजे ‘निषिद्ध प्रेम’ हा तिचा अल्बम बाहेर पडला. शीर्षकगीतात गरीब-श्रीमंतीची भिंत आड येणाऱ्या दोन जिवांची कथा आहे. ‘बिदि बिदि बोम बोम’ म्हणजे प्रिय माणूस दिसताच होणारी काळजाची धडधड! टेहानोच्या जोडीला कोलंबियाचा कुंबिया ताल आणि नव्या नृत्यसंगीताचे ठेके तिने यात आणले. हा अल्बम अमेरिकेतील लॅटिन संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. टेहानो संगीत पुरुषांचे मानले जाई. त्या अंगणात एका मुलीने आपली जागा केली.

२६ फेब्रुवारी १९९५ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये साठ हजारांवर श्रोते तिला ऐकायला जमले. आता इंग्रजी अल्बमचे काम सुरू होते. बालपणीच्या भाषेत गाण्याचे तिचे स्वप्न हाताशी आले होते. पण दैवाला ते मान्य नव्हते! तिच्या चाहत्यांच्या मंडळाची प्रमुख आणि तिच्या कपड्यांच्या दुकानांची व्यवस्थापक असलेल्या बाईवर पैशांच्या अफरातफरीचा संशय आला होता. ३१ मार्च १९९५ रोजी त्याच बाईने तिच्यावर गोळी झाडली. सेलेना तेवीस वर्षांची होती. जुलैमध्ये ‘ड्रीमिंग ऑफ यू’ हा अपुरा अल्बम निघाला. त्यात इंग्रजी गाणी थोडी आणि स्पॅनिश अधिक होती. तो अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. पाहायला ती नव्हती.

तिची गाणी मी प्रथम ऐकली तेव्हा स्पॅनिशचा एक शब्दही मला कळत नव्हता. पण गाणाऱ्या मुलीलाही तो कधी काळी कळत नव्हता, हे समजले आणि धीर आला. आपल्यापैकी अनेकांना घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी. एक मिळवताना दुसरीची लाज वाटू लागते. सेलेनाने आपल्या माणसांची हरवलेली भाषा कष्टाने परत मिळविली, आणि इंग्रजीही टाकली नाही. तेवीस वर्षांच्या आयुष्यात याहून अधिक कोणी काय करावे?