लुई ब्रेल

लुई ब्रेल (जन्म : कूपव्रे, फ्रान्स, ४ जानेवारी, १८०९, मृत्यू : पॅरिस, ६ जानेवारी, १८५२) हे ब्रेल लिपीचे जनक, शिक्षक व ऑर्गनवादक होते.

त्यांचे वडील खोगिरे बनवणारे कारागीर होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांची आरी लुई यांच्या डोळ्यात घुसली. जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला व पाचव्या वर्षापर्यंत त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. १८१९ मध्ये ते पॅरिसमधील अंध मुलांच्या शाही संस्थेत दाखल झाले. तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठवलेली असत. डोळ्यांना ती सहज कळत. बोटाला मात्र एकेक अक्षर चाचपावे लागे. शिवाय पुस्तके अवजड व मोजकीच होती.

शार्ल बार्बिये या माजी सैनिकी अधिकाऱ्याची उठावाच्या बिंदूंची पद्धत १८२१ मध्ये संस्थेत पोहोचली. तिच्यात १२ बिंदूंपर्यंतचा संच एक ध्वनी दर्शवी. त्यामुळे शुद्धलेखनाला व विरामचिन्हांना तिच्यात वाव नव्हता, आणि एवढा संच बोटाच्या टोकाखाली मावतही नसे. ब्रेल यांनी प्रत्येकी ३ बिंदूंच्या दोन उभ्या रांगा योजल्या. एका स्पर्शात अक्षर कळू लागले. ६ बिंदूंच्या ६३ मांडण्या होतात. त्यांत अक्षरे, विरामचिन्हे, अंक व संगीतलेखनाची चिन्हेही बसली. मूळ आराखडा १८२४ मध्ये तयार झाला, तेव्हा ब्रेल १५ वर्षांचे होते. तो १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

विद्यार्थ्यांनी ही लिपी लगेच आपलीशी केली, कारण तिच्यात त्यांना स्वतः लिहिताही येत होते. डोळस शिक्षकांना मात्र ती वाचता येत नसे. वेगळ्या लिपीमुळे अंध व्यक्ती समाजापासून तुटतील, असा आक्षेप घेतला गेला व १८४० नंतर काही काळ संस्थेत तिच्यावर बंदी आली. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. घरच्यांना पत्र लिहायचे तर ते त्यांना वाचता यायला हवे. त्यावर ब्रेल यांनीच १८३९ मध्ये उपाय मांडला होता : बिंदूंनी नेहमीच्या अक्षरांचे आकार काढण्याची पद्धत. ही अक्षरे अंध व्यक्ती लिही व डोळस व्यक्ती वाची. पिएर फूको या अंध सहकाऱ्याने त्यासाठी यंत्रही बनवले.

ब्रेल यांचा मृत्यू क्षयाने झाला. संस्थेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. १९५२ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँतेओंमध्ये हलवण्यात आले. हात मात्र कूपव्रे येथेच ठेवले आहेत.

भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. मराठी, बंगाली, तमिळ यांच्या लिपी वेगवेगळ्या असल्या, तरी तिच्यात समान ध्वनीला बहुतांशी एकच चिन्ह आहे.