डॉक्टर नसलेल्या माणसाची इन्स्टिट्यूट

दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द तुम्ही रोज बघता. तो ज्यांच्या नावावरून आला, ते लुई पाश्चर डॉक्टर नव्हतेच. रसायनशास्त्राचा माणूस! पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली. तरी लॅब सुटली नाही.

६ जुलै १८८५. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला घेऊन त्याची आई पॅरिसला आली. लशीचे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते, पण माणसावर? विचार करा, पोरगं दगावलं असतं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं असतं? पाश्चर यांच्याकडे डॉक्टरकीचा परवाना नाही, म्हणून सुई टोचली डॉ. ग्राँशे यांनी. तेरा इंजेक्शनं झाली. जोसेफ वाचला.

मग देशोदेशीचे रुग्ण येऊ लागले. जागा पुरेना, तेव्हा चक्क वर्गणी काढली गेली (हो, आपल्या गणपतीसारखीच!). रशियाच्या झारपासून सामान्य माणसांपर्यंत सगळ्यांनी दिली. २५ लाख फ्रँकच्या वर जमले. १४ नोव्हेंबर १८८८ ला पाश्चर इन्स्टिट्यूटचं उद्घाटन झालं. पाश्चर यांना इतकं भरून आलं, की त्यांचं भाषण मुलाने वाचलं.

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचं नाव आहे, त्या हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस इथेच काम करताना तयार केली.

पाश्चर १८९५ मध्ये गेले. त्यांची समाधी इन्स्टिट्यूटच्या तळघरातच आहे. आणि जोसेफ? मोठा झाल्यावर तो तिथेच दारवान म्हणून कामाला होता.