सगळ्यांना दिसेल असं मैदान

मैत्रिणींनो, शाहू महाराज म्हटलं की आपल्याला आरक्षण, वसतिगृहं आणि राधानगरीचं धरण आठवतं. शाळेत तेवढंच पाठ केलेलं असतं. पण प्रजेनं पोटापाण्याच्या पलीकडे खेळावं, नाटक बघावं, चार लोकांत मिसळावं याचीही काळजी या राजानं घेतली, हे कोल्हापुरात राहूनही आपल्या ध्यानात येत नाही.

26 जून 1874 ला कागलच्या घाटग्यांच्या घरी यशवंतरावांचा जन्म झाला. आई राधाबाई गेल्या तेव्हा लेकरू जेमतेम तीन वर्षांचं होतं. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. पुढं राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं आणि 1894 मध्ये विसाव्या वर्षी कारभार हाती आला. धिप्पाड शरीर आणि कुस्तीचं वेड! पण हे वेड त्यांनी वाड्यात कोंडून ठेवलं नाही. तालमींना आसरा दिला, लांबलांबचे मल्ल इथं आणून पोसले.

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी 1902 साली महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं. आपण परदेशातून काय आणतो? चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या! महाराजांनी डोक्यात एक मैदान आणलं. 1912 मध्ये खासबाग उभं राहिलं. मध्ये खोलात तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती वर वर चढत जाणारी गोल बैठक. त्यामुळं पार मागं बसलेल्या खेड्यातल्या माणसालाही डाव दिसतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

शेजारीच 1915 मध्ये पॅलेस थिएटर झालं. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. कुस्ती आणि नाटक एका भिंतीला भिंत लावून, ही कल्पना दुसऱ्या कुणाला सुचली असती का?

नुसत्या जागा बांधून भागत नाही, तिथं जाता आलं पाहिजे. 1919 मध्ये महाराजांनी हुकूम काढून विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायला बंदी घातली. गंगाराम कांबळ्यांना चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला. मग बरोबरच्यांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

घरातही दुःख काही कमी नव्हतं. 1918 मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघातानं गेले. सून इंदुमती तेव्हा अकरा-बारा वर्षांची. त्या काळात अशा पोरीच्या वाट्याला अंधारी खोलीच यायची. महाराजांनी मात्र तिला सोनतळीला ठेवून शिकवलं. घरचा विरोध त्यांनी कसा सोसला असेल, हे सासर पाहिलेल्या बाईला सांगायला नको. 6 मे 1922 ला मुंबईत महाराज गेले, तेव्हा ते अवघे 47 वर्षांचे होते.

खरं सांगू? माझं माहेर कोल्हापूरचंच, पण लहानपणी मी खासबागेत कधी पाऊल टाकलं नाही. भाऊ जायचे, आम्ही त्यांचे मळके कपडे धुवायचो. मैदान सगळ्यांसाठी होतं, तरी बायका त्या सगळ्यांत नव्हत्या. आता आपल्या जिल्ह्यातल्या मुली कुस्तीत पदकं आणतात, पण आमच्या बचत गटातल्या बायकांना संध्याकाळी दोन घटका बसायला अजून देवळाशिवाय जागा नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृह जळालं, खासबागेकडच्या रंगमंचालाही झळ लागली. केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. शहरातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. आमच्या गटातल्या एक मावशी जन्मात कधी नाटकाला गेल्या नव्हत्या, त्याही रडत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, एकदा जायचं ठरवलं होतं.