न्यायमूर्ती रानडे आणि तीन वर्षांची मुदत



महादेव गोविंद रानडे म्हटलं की आपण मुलांना प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. 'न्यायमूर्ती' हा शब्द नुसता नावापुढे राहतो. ते कोर्टात करत काय होते, हे मीही डी.एड.ला असताना कधी विचारलं नव्हतं.

जन्म १८ जानेवारी १८४२, निफाड. १८६६ ला एलएल.बी. झाले आणि १८७१ साली पुण्यात सबजज्ज झाले. म्हणजे दिवाणी कोर्ट. पैशाचे, जमिनीचे दावे. त्या काळी असे बरेच दावे सावकार शेतकऱ्यावर लावायचे.

आता मुदतीचा कायदा बघा. दावा ठरलेल्या मुदतीतच लावायचा, उशीर झाला की कोर्ट ऐकत नाही. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याला ३ वर्षांची मुदत दिली. हेतू असा की व्याज साचत राहू नये. झालं उलटंच! तीन वर्षं संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि त्यात जुनं व्याज मुद्दल म्हणून धरायचा. समजा १०० रुपये, दर साल दर शेकडा २४. सरळव्याजाने ९ वर्षांनी ३१६ होतात. दर ३ वर्षांनी रोखा बदलला तर सुमारे ५०९! हे गणित पाचवी-सहावीची मुलंसुद्धा करतात.

शेतकरी तारखेला यायचाच नाही. मग एकतर्फी हुकूमनामा, आणि त्याच्या दरखास्तीत जमीन जप्त. (आजही हे घडतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी समन्स घाबरून देवघरामागे ठेवून दिलं. एकतर्फी निकाल रद्द करायला ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, तेही हातचं गेलं.)

१२ मे १८७५ ला सुप्यात लोकांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला. आता नुसता रोखा दाखवून भागत नव्हतं. मूळ कर्ज किती, व्याज किती, हे कोर्टाने सुरुवातीपासून तपासायचं. हप्ते पाडून देता येऊ लागले. कर्जापायी शेतकऱ्याची कैद बंद झाली. मुदतही वाढली: रोखा नोंदवलेला नसेल तर ६ वर्षं, असेल तर १२.

पण कायदा कागदावर असून काय उपयोग, खालची कोर्टं तो पाळतात का? हे तपासायचं काम १८८० च्या दशकात रानड्यांकडे आलं. तालुक्या-तालुक्याला फिरायचं, मुक्काम करायचा, निकालांचे कागद उघडून बघायचे. रमाबाई बरेचदा सोबत असायच्या. मला त्यांच्या भाषणांपेक्षा हेच काम मोठं वाटतं.

१८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ ला गेले, ५९ पूर्ण व्हायला दोन दिवस राहिले होते.