डॉन चेरी आणि त्यांचे छोटे ट्रम्पेट

लग्नाच्या वरातीत वाजणारे पितळी ट्रम्पेट आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याची नळी उलगडली तर ती सुमारे साडेचार फूट भरेल. तीच नळी अधिक वेढे देऊन गुंडाळली की वीतभर लांबीचे ‘पॉकेट ट्रम्पेट’ तयार होते. नळी तेवढीच लांब असल्याने त्याचे स्वर मोठ्या ट्रम्पेटइतकेच उंच निघतात. मात्र पुढचा कर्ण्यासारखा भाग लहान असल्याने आवाज कोता, काहीसा दबलेला येतो आणि स्वर नेमका लावण्यासाठी ओठांना जास्त कष्ट पडतात. त्यामुळे प्रवासात सरावासाठी किंवा मुलांच्या हाती देण्यासाठीच ते योग्य, अशी समजूत होती. याच वाद्याला जॅझच्या मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे कलावंत म्हणजे डॉन चेरी.

चेरी यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९३६ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे झाला. वडील आफ्रिकी-अमेरिकन होते, तर आई चॉक्टॉ या तेथील आदिवासी जमातीच्या वंशातली होती. संगीत घरातच होते. १९४० च्या सुमारास हे कुटुंब लॉस एंजेलिसला आले.

तेथे चेरी यांचे नाव एका शाळेत होते आणि मन दुसऱ्याच शाळेत. जेफरसन हायस्कूलमध्ये सॅम्युअल ब्राऊन या शिक्षकांनी विद्यार्थ्यांचा उत्तम वाद्यवृंद उभा केला होता. त्यात वाजवता यावे म्हणून चेरी स्वतःची शाळा चुकवू लागले. याची शिक्षा म्हणून त्यांना सुधारशाळेत धाडण्यात आले. पण तेथेही त्यांना संगीतच भेटले! ड्रमवादक बिली हिगिन्स यांच्याशी त्यांची ओळख याच शाळेत झाली.

पुढे हे दोघे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या सोबतीने वाजवू लागले. जॅझमध्ये कलावंत मूळ धून वाजवून आयत्या वेळी तिचा विस्तार करतो. आपल्याकडे बंदिशीचा विस्तार होतो, तसाच काहीसा हा प्रकार. मात्र त्या काळी हा विस्तार स्वरसंगतींच्या ठरलेल्या क्रमातच करण्याची रीत होती. कोलमन यांनी हे कुंपण काढून टाकले. सहवादकाने दुसऱ्याचा स्वर ऐकावा आणि त्यातून पुढची वाट शोधावी, एवढाच नियम त्यांनी ठेवला.

नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबमध्ये हे चौघे व्यासपीठावर आले. चौथे होते बासवादक चार्ली हेडन. कोलमन यांच्या हाती प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन आणि चेरी यांच्या हाती ते इवलेसे ट्रम्पेट! काहींना ही थट्टाच वाटली. नामांकित वादकांतही दोन तट पडले. चेरी यांना वादनाचे तंत्रच ठाऊक नाही, असाही आक्षेप घेतला गेला. तो पूर्णपणे निराधार होता असे म्हणता येणार नाही, कारण त्यांचा स्वर कधी फाटे, कधी घसरे. पण त्या स्वरात माणसाच्या बोलण्यातला अडखळ आणि हळवेपणा होता. मोठ्या ट्रम्पेटचा झळाळता, दणदणीत नाद त्यांना नकोच होता. पुढील काळात त्यांनी मोठे ट्रम्पेट आणि कॉर्नेटही वाजवले, तरी लोकांच्या आठवणीत राहिले ते छोटे वाद्यच.

हेरॉइनच्या व्यसनाने त्यांना आयुष्यभर छळले. तरीही शिकण्याची ओढ आटली नाही. १९७० मध्ये त्यांनी व पत्नी मोकी यांनी स्वीडनमधील टोगार्प येथे एक जुनी शाळा घेतली आणि तेथेच संसार थाटला. मोकी वस्त्रचित्रे करीत, तीच मैफलीत मागे टांगली जात. त्या घरी मुले गाणे-वाजवणे शिकत. शाळा चुकवणाऱ्या मुलाचे घर अखेर शाळेतच झाले, हा योग मोठा गमतीचा!

बासरी, माली देशातील शिकाऱ्यांचे तंतुवाद्य, भारतीय संगीत, जे भेटेल ते चेरी शिकत गेले. सरोदवादक वसंत राय यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. सतार व तबला वाजवणारे कॉलिन वॉलकॉट आणि ब्राझीलचे नाना वास्कोन्सेलोस यांच्यासह त्यांनी ‘कोडोना’ हा त्रिकूट-वृंद उभारला. मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू यांनीही त्यांना साथ केली. गुर्टू यांच्या ‘उसफ्रेत’ या १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्या मातोश्री, ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे गायन आहे आणि चेरी यांचे ट्रम्पेटही.

१९ ऑक्टोबर १९९५ रोजी स्पेनमधील मालागा येथे, यकृताच्या विकाराने डॉन चेरी यांचे निधन झाले. त्या वेळी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.