पात्याचे शास्त्र आणि तज्ज्ञाचा कौल

जेट विमानाचे नाव निघाले की फ्रँक व्हिटल यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु जेट एंजिनात हवा दाबणाऱ्या पात्यांचे शास्त्र सांगणाऱ्या ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ यांचे चरित्रही तितकेच बोधप्रद आहे.

लंडनमध्ये १८९३ साली जन्मलेले ग्रिफिथ १९१५ साली फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात आले. काच तडकण्याचे मूळ तिच्यातील सूक्ष्म चिरांत असते, हे दाखवून त्यांनी कीर्ती मिळविली. १९२६ साली त्यांनी काँप्रेसरचा प्रश्न हाती घेतला. टर्बाइनमध्ये हवा कमी दाबाकडे आपसूक धावते. काँप्रेसरमध्ये तिला चढत्या दाबाकडे रेटावे लागते. पात्याचा आकार चुकला की प्रवाह त्याच्या पाठीवरून सुटतो आणि भोवऱ्यांत शक्ती वाया जाते. तत्कालीन पात्यांचे नेमके हेच होत होते. प्रत्येक पाते हा विमानाचा छोटा पंखच मानून त्याला तसा आकार द्यावा, असे ग्रिफिथ यांनी गणिताच्या आधारे प्रतिपादिले.

प्रश्न किरकोळ नव्हता. टर्बाइनच्या ३०० एकक शक्तीपैकी २०० काँप्रेसरने घेतली, तर हाती १०० उरते. काँप्रेसरची कार्यक्षमता एक दशांशाने घटली, तर त्याला सुमारे २२२ लागते व उरते केवळ ७८.

हे मर्म जाणणाऱ्या ग्रिफिथ यांच्यापुढे १९२९ च्या सुमारास हवाई दलातील तरुण अधिकारी व्हिटल यांची जेटची कल्पना आली, तेव्हा त्यांनी प्रतिकूल मत दिले. व्हिटल यांनी गृहीत धरलेली कार्यक्षमता फार आशावादी आहे, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. परंतु हवाई मंत्रालयाने त्यानंतर पाठच फिरविली. १९३५ साली पाच पौंड शुल्काअभावी व्हिटल यांचे पेटंट संपुष्टात आले. अखेर खासगी भांडवलावर १९३७ साली त्यांचे एंजिन चालले, तेही साध्या केंद्रोत्सारी काँप्रेसरवर.

ग्रिफिथ १९३९ साली रोल्स-रॉइसमध्ये गेले. त्यांच्या विचारातून पुढे आलेल्या एव्हन एंजिनाने भारतीय हवाई दलाच्या हंटर आणि कॅनबेरा विमानांनाही बळ दिले. १९६३ साली ते निवर्तले. आज मोठ्या जेट एंजिनांत त्यांनी पुरस्कारिलेलाच काँप्रेसर असतो.

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. चुकले ते मंत्रालय. एका तज्ज्ञाच्या शंकेला त्याने अंतिम निकाल मानले आणि अल्प खर्चाच्या प्रयोगाचीही संधी नाकारली. नव्या कल्पनांचा निवाडा करणाऱ्या प्रत्येक समितीने हा इतिहास ध्यानी ठेवावयास हवा.