दासीपणातून संतपदाकडे : गंगाखेडच्या जनाबाई

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. तेराव्या शतकात दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. बालपणीच त्या पंढरपुरी दामाशेटींच्या घरी दासी म्हणून आल्या. संत नामदेव हे दामाशेटींचे पुत्र. या मोठ्या कुटुंबाचे दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेण्या वेचणे ही कामे जनाबाईंच्या वाट्याला आली.

शूद्र गणल्या गेलेल्या कुळात जन्म, त्यात स्त्री आणि दासी. स्वतःचे म्हणावे असे त्यांच्यापाशी काही नव्हते. मात्र नामदेवांच्या सहवासात त्या अभंग रचू लागल्या आणि रोजचे कष्टच त्यांच्या काव्याचा विषय झाले. त्यांच्या अभंगांत विठ्ठल सोबत बसून दळू लागतो, शेण्या वेचतो. एकटेपणाची व्यथा, देवावरचा रुसवा, प्रसंगी त्याला घातलेल्या शिव्याही त्यांत आहेत. एखाद्या रोजनिशीसारखे त्यांनी आपले मन तेथे उघडे केले. पोरकेपणाने व्याकुळ होणारी जनी याच अभंगांत स्त्रीजन्माचे दुःख मानू नये असे निर्धाराने सांगते आणि लोकलाज झुगारून भर बाजारात कीर्तनाला निघते.

परंपरेनुसार १३५० मध्ये पंढरपुरी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंग नामदेव गाथेत समाविष्ट आहेत. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात त्यांचे जाते आजही भाविकांना दाखविले जाते. दळणाच्या त्या कामानेच गंगाखेडच्या दासीला संतपदापर्यंत नेले.